विरुपाक्ष मिस्त्रीचा न गळणारा शॉकअप

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत विरुपाक्ष मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दोन घरांच्या मधली बोळ, वर पत्रा आणि खाली वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी झालेली जमीन. गिऱ्हाइकाला बसायला एक डुगडुगता बाक होता, आणि त्या बाकावर बसणाऱ्याला विरुपाक्षचं तत्त्वज्ञान ऐकून घ्यावं लागायचं. “पार्ट बदलतोय त्यो दुकानदार, पार्ट जगीवतोय त्यो मिस्त्री,” हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य नव्हतंच. पहिलंच तो वेगवेगळ्या आवाजात म्हणायचा.

आणि बोलायचा तसं वागायचाही, हीच खरी पंचाईत होती. जुन्या चपलेतून वायसर कापायचा, सायकलच्या ट्यूबमधून पॅकिंग काढायचा, सायलेन्सर फुटला की वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळायचा. त्याच्या हातून गेलेली गाडी दुरून ओळखू यायची, कारण ती आली की अख्खं स्वयंपाकघर पळत आल्यासारखा आवाज व्हायचा. पण गाडी चालायची, एवढं कबूल केलं पाहिजे.

त्याच्या बापाचं विभूती, रुद्राक्ष आणि करदोड्यांचं दुकान होतं. पोरानं गादीवर बसावं अशी बापाची साधी इच्छा. पोरानं गादीवर बसून पहिल्याच आठवड्यात दुकानाची तागडी दुरुस्त केली. दुरुस्ती अशी झाली, की पुढे महिनाभर प्रत्येक सौदा गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकत राहिला आणि दुकानाला कधी नव्हे ती गर्दी झाली. बापाला गर्दीचं कारण कळलं तेव्हा त्यानं देवापुढे हात जोडले आणि पोराला नेऊन मिलच्या वर्कशॉपात टाकलं. तिथं विरुपाक्ष हातोडा चालवायला शिकला आणि हुज्जत घालायलाही शिकला. पुढे नोकरी त्यानं सोडली की त्याला काढला, हे नक्की सांगता येत नाही. त्याच्या सांगण्यात दोन्ही येतं.

मिलमधून बाहेर पडताना त्यानं एकच गोष्ट कमावून आणली. विणकाम खात्याच्या गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना मागं टाकलेली मोटरसायकल. विलायती, दोन सिलिंडरची, रेसची गाडी. हँडल इतकं खाली, की चालवणारा माणूस रस्त्यावर काहीतरी सांडलंय आणि ते शोधतोय असा दिसायचा. बंगल्याच्या मागच्या शेडात कोंबड्या तिच्यावर बसत होत्या. विरुपाक्षनं कोंबड्या हाकलल्या, गाडी धुतली, हेडलाइटला विभूतीची तीन बोटं ओढली आणि त्या दिवसापासून शुक्रवार पेठेची झोप गेली.

त्यानंतर लग्न झालं. बायको वळसंगच्या शेतकऱ्याची, कमलम्मा. माहेरात कन्नड, सासरी मराठी आणि रागावली की दोन्ही. उंचीनं नवऱ्याच्या खांद्याला लागायची, पण बोळीत शिरली की बाकावरची माणसं उठून उभी राहायची. पहिली चार-पाच वर्षं ती गाडीवर मागं बसून माहेरी जात होती, आणि ते दोघं निघाले की पेठेतल्या बायका दारात येऊन बघायच्या. विरुपाक्षला त्याचा फार माज होता.

मग ते कुंभारीचं प्रकरण घडलं.

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक नळकांडं असतं, त्याला मिस्त्री लोक शॉकअप म्हणतात. बाहेर स्प्रिंग, आत तेल. खड्डा आला की स्प्रिंग उडी मारते आणि तेल तिला धरून खाली बसवतं. विरुपाक्षच्या गाडीतलं तेल कधीच गळून गेलं होतं. उरली होती नुसती स्प्रिंग, आणि तिला आवरणारं कुणी नव्हतं. खड्डा एक, उड्या चार. वळसंगच्या वाटेवर कुंभारी गावाच्या वेशीजवळ असाच एक खड्डा लागला. पहिल्या उडीला कमलम्मा “अय्यो” म्हणाली, दुसऱ्या उडीला “शिवा शिवा” म्हणाली, आणि तिसऱ्या उडीला काही म्हणायला ती गाडीवर नव्हतीच.

ती उकिरड्यात होती. शेजारी पारावर सगळं गाव बसलेलं. विरुपाक्षनं गाडी वळवून आणली, वाकून शॉकअप बघितला, तो जागच्या जागी होता. मग कमलम्माला बघितलं, तीही जागच्या जागी होती. पारावरचं गाव पोट धरून हसत होतं. कमलम्मा उठली, पदर झटकला आणि कुणाकडं न बघता एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

“अगं, बस की!” विरुपाक्ष म्हणाला.

“ब्याड,” ती म्हणाली. कन्नडात नको म्हणायला ब्याड म्हणतात, आणि कमलम्माच्या तोंडून तो शब्द निघाला की त्यावर अपील नसे.

त्यानंतर आठ वर्षं ती त्या गाडीवर बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. भाकरी वेळेवर, कपडे धुतलेले, सणाला पुरणपोळी. फक्त वळसंगला जायचं म्हटलं की ती पिशवी उचलून एसटी गाठायची, आणि विरुपाक्ष एकटा गाडीवर बसून एसटीच्या मागं. पुढे जावं तर बायकोला सोडून गेल्यासारखं दिसणार. मागं राहावं तर सगळ्या रस्त्याची धूळ नाकातोंडात. तरी तो मागंच राहायचा. वळसंगला पोचेपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

त्या रूटवर श्रीमंत नावाचा कंडक्टर होता. जिभेला हाड नाही आणि गळ्यात सरकारी पाकीट, म्हणजे विचारूच नका. मागच्या खिडकीतून डोकं काढून तो विरुपाक्षला ओरडून विचारायचा, “काय मिस्त्री, यष्टीला राखण लावलीय व्हय सरकारनं?” आतले लोक हसायचे. कमलम्मा खिडकीतून बाहेरच्या ज्वारीकडं बघत राहायची.

सोलापुरात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. ज्या मिस्त्रीच्या मागं त्याची स्वतःची बायको बसत नाही, त्याच्याकडं गाडी टाकावी का, असं लोक गमतीनं म्हणू लागले. विरुपाक्ष तोंडावर हसायचा. पण रात्री अंथरुणावर पडला की त्याला कमलम्मा शेजारी असूनही कुठल्या तरी एसटीत बसून पुढे चालल्यासारखी वाटायची, आणि मग त्याला झोप लागायची नाही. तिला परत गाडीवर मागं बसवायचं, दुसरं त्याला काही नको होतं. आणि त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता. शॉकअप बिघडला म्हणून ती पडली, पडली म्हणून रुसली. शॉकअप सुधारला की बसेल.

पण विलायतेतल्या कारागिरानं ती नळकांडी कायमची बंद करून पाठवली होती. झिजली की फेका, नवी घाला. नवी आणायची कुठून? परदेशातून साधा ट्रान्झिस्टर आणला तरी माणूस चार लोकांपासून लपवून ठेवायचा, असा तो काळ. तेव्हा विरुपाक्षनं लेथवाल्या शिवयोगीला गाठलं. शिवयोगी त्याचा बाळपणचा दोस्त, अंगानं पिंपासारखा आणि स्वभावानं त्याहून गार. त्याच्या लेथवर नळकांड्यांची डोकी कापली, आतून आटे पाडले, वर फिरकीचं टोपण बसवलं. आतली दांडी झिजून बारीक झाली होती, तिच्या जागी मिलच्या भंगारातली, सूत कातायच्या चात्यांची पोलादी दांडी घासून बसवली. तेल अडवणाऱ्या सीलला चामडं. सगळं झकास. मग प्रश्न आला तेलाचा.

इंजिनचं तेल भरलं, ते कुंभारीपर्यंत गळून गेलं. गिअरचं घट्ट तेल भरलं, ते वळसंगपर्यंत टिकलं आणि मेव्हण्याच्या अंगणात गळलं. एरंडेल भरलं, ते गॅरेजातच गळलं आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी चाटलं. पुढचे दोन दिवस गल्लीत पाय ठेवायची सोय राहिली नाही.

शिवयोगी म्हणाला, “विरुपाक्षा, कशाला जिवाला तरास? देशी मोटरसायकलचे शाकप हायत माज्याकडं, कोरी जोडी. वरचा कान घासू, खाली बुश घालू, बसत्यात की.”

“रेसच्या घोड्याला तट्टाचं पाय लावू व्हय रं?” विरुपाक्ष भडकला. “आनि मग गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं सांगू, पार्ट जगवा म्हनून?”

“गिऱ्हाइकाला नगं सांगूस. वैनीला बशीव.”

विरुपाक्षनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

एके दिवशी कमलम्मा मागच्या दारी कढई घासत होती. सोलापूरकडचं घर म्हणजे करडईचं तेल आलंच. त्या तेलात वर्षानुवर्षं भजी तळून कढईच्या काठाला तपकिरी थर बसला होता. राख झाली, काथ्या झाला, खापरी झाली, थर हलेना. “मेला चिकटा सुटंना की,” ती पुटपुटली. विरुपाक्ष दारात दात घासत उभा होता. त्याचा हात थांबला. जे कढईला राखेनं सोडत नाही, ते सीलमधून गळेल कसं?

हा विचार त्याला सुचला आणि तिथंच बुद्धीनं त्याची साथ सोडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याचा बैल रिकामासुद्धा नव्हता, करडईच्या तेलानं भरणार होता.

घरातल्या बरणीतून त्यानं तेल काढलं, गॅरेजात रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि शेगडीवर आटवायला ठेवलं. पातळ तेल गळतं, घट्ट गळत नाही, एवढं शास्त्र त्याला पुरेसं होतं. तेल आटता आटता असा धूर आणि वास सुटला, की सगळी पेठ नाक वर करून बोळीत आली. कुणी विचारलं भजी कुठायत, कुणी विचारलं कोण गेलं. एक म्हातारी ताटली घेऊन आली होती, तिला समजावून परत पाठवायला वेळ गेला. तेल बोटाला तार धरू लागलं तेव्हा विरुपाक्षनं डबा उतरवला, पण तोवर तो घाणा जळला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बरणीत हात घातला.

“तेल कमी कसं झालं वो?” कमलम्मानं विचारलं.

“उंदरं लई झाल्यात,” विरुपाक्ष म्हणाला.

कमलम्मानं बरणीच्या झाकणावर वरवंटा ठेवला. तिसऱ्या दिवशी तेल आणखी उतरलेलं.

“हे उंदीर लई शाणं हाय की,” ती जेवताना म्हणाली. “वरवंटा उचलतंय, तेल पितंय, आनि जाताना वरवंटा परत ठिवून जातंय.”

विरुपाक्ष भाकरीत तोंड खुपसून बसला.

पण तेल भरलं आणि चमत्कार झाला. सीट दाबली की सावकाश खाली जायची आणि सावकाश वर यायची, एखादा पोट भरलेला पाहुणा उठतो तशी. थेंब गळला नाही. त्यानं मागं पाण्यानं भरलेली घागर बांधून पेठेला चक्कर मारली, पाणी सांडलं नाही. ज्वारीचं पोतं बांधलं. शेवटी शिवयोगीला बसवलं. शिवयोगी उतरून म्हणाला, “लग्नातल्या गादीवानी हाय रं. पन वतलंस काय?”

“ते माज्यासंगं मसनात जाईल,” विरुपाक्ष म्हणाला.

आता बायकोला विचारायचं. गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला हे एक वाक्य जमेना. येळवस जवळ आली होती. मार्गशीर्षातली ती अमावास्या, त्या दिवशी तिकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. वळसंगला कमलम्माचा भाऊ मल्लप्पा दरवर्षी बोलवायचा.

“येळवशीला जायचंय न्हवं?” विरुपाक्षनं विचारलं.

“व्हय.”

“यष्टीनं?”

“न्हाय, इमानानं.”

तो ताटाकडं बघत म्हणाला, “गाडी बरी झालीया आता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅरेजात आली. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. तिनं दोन्ही तळव्यांनी सीट दाबली, ती खाली जाताना आणि वर येताना बघितली, आणि म्हणाली, “बघू.”

एवढ्या बघूवर विरुपाक्षनं दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला सारल्या आणि आपली गाडी पुसत बसला.

येळवशीच्या आदल्या दिवशी ती मागं बसली. बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. आठ वर्षांनी आला. विरुपाक्षला पहिला गिअर सापडेना. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर त्यानं हळूच विचारलं, “बरं वाटतंय न्हवं?” आणि मागून आवाज आला, “रस्त्याकडं बघा.” त्याला वाटलं, आत्ता मरण आलं तरी हरकत नाही. लगेच वाटलं, मागं कमलम्मा आहे, आत्ता नको.

दुष्काळातल्या कामांवर फोडलेली खडी त्या रस्त्यावर नुसती पसरून ठेवली होती. बहात्तर जाऊन तीन वर्षं झाली, पण खडी काही रस्त्यात बसायला तयार नव्हती. गाडी त्यावरून तरंगत गेली. पुढे एसटी दिसली. विरुपाक्षनं तिला मागं टाकलं, मग वेग कमी करून तिला पुढे जाऊ दिलं, आणि परत मागं टाकलं. श्रीमंत कंडक्टरचं डोकं खिडकीबाहेर होतं, तोंड उघडंच होतं. “साकु री, साकु,” कमलम्मा म्हणाली, म्हणजे पुरे आता. पण ती हसत होती, ते त्याला खांद्यावरच्या हातातून कळलं.

येळवस चांगली झाली. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, त्यात पांढऱ्या मातीनं रंगवलेले दगड, पूजा, आणि मग आंबील, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांवर ताव. विरुपाक्षनं आंबील प्यायली ती चार माणसांची. मल्लप्पानं मेव्हण्याला विचारलं, “दाजी, शाकपात कुटलं तेल घातलंसा?” विरुपाक्ष ढेकर देऊन म्हणाला, “त्ये विलायती गुपित हाय.” समोर सगळ्या रानात करडई हिरवीगार उभी होती.

दोन रात्री गाडी मल्लप्पाच्या अंगणात थंडीत उभी राहिली. निघायच्या सकाळी विरुपाक्षनं सवयीनं सीट दाबली. सीट हलली नाही. त्यानं जोर लावून दाबली. दगड. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तिच्यावर बसून बघितलं. वरवंट्यावर बसल्यासारखं वाटलं.

थंडीनं आखडलं असेल, तो मनाशी म्हणाला, चालली की गरम होऊन सुटेल. हे तो गिऱ्हाइकांना इतक्या वेळा म्हणाला होता, की आता त्यालाही खरं वाटत होतं. कमलम्माला त्यानं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती एसटीनं गेली असती, आणि परत तो धुळीत.

ती बसली. वळसंगची वेस ओलांडली आणि खडी सुरू झाली. मघाशी सांगितलं तसं, तेल नसेल तर एका खड्ड्याच्या चार उड्या. आता उडी एकही नव्हती. प्रत्येक दगड चाकातून सरळ सीटमध्ये आणि सीटमधून माणसात येत होता, वाटेत कुणी अडवत नव्हतं. विरुपाक्षचे दात वाजत होते. आधी कमलम्माचा हात त्याच्या खांद्यावर होता, मग त्या हातानं खांदा धरला, मग नखं लागली. कुंभारी दिसायच्या आधी ती म्हणाली, “थांबवा.”

तिला उतरता येईना. एक पाय टेकून ती तशीच थांबली, मग कमरेवर हात ठेवून वाकलेली खाली आली. थोडा वेळ तिनं डोळे मिटले. मग मागं वळून दोन्ही तळव्यांनी सीट दाबली, आणि शॉकअपच्या टोपणाशी बोट फिरवून नाकाशी नेलं.

“काय वतलंय ह्यात?”

“तेल.”

“कुटलं?”

विरुपाक्ष ज्वारीच्या रानाकडं बघू लागला.

“अवो री, कुटलं तेल?”

“करडईचं,” तो म्हणाला. “आटवून.”

कमलम्मा त्याच्याकडं बघत राहिली. “तरी म्हनलं, उंदीर लई शाणं कसं,” ती म्हणाली. “अवो, माजा बाप मोटंच्या शिवनीला आटवलेलं करडईचं तेल लावायचा. चार-आठ दिसात वाळून राळ व्हायचं त्येचं. पाण्याचा थेंब गळायचा न्हाय मोटंतनं. वळसंगातलं शेंबडं पोर सांगंल की तुमाला.”

“तेच की!” विरुपाक्षचा चेहरा उजळला. “थेंब गळत न्हाय!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण तोवर त्याचं डोकं दुसरीकडं पळालं होतं. राळ झाली असेल तर तापवून सुटेल. टोपण काढलं तर ओतून काढता येईल. तो गाडीशी उकिडवा बसला, सीटखालून पाना काढला आणि शॉकअपला ठोके द्यायला लागला. एक ठोका, कान लावून ऐकणं, दुसरा ठोका. जीभ दातांत धरून तो रंगून गेला होता.

“तवाबी असंच,” कमलम्मा वरून म्हणाली.

“काय?”

“कुंभारीला. म्या उकिरड्यात पडल्याली, समदं गाव हसतंय, आनि तुमी असंच वाकून शाकप बगत हुता. पयला त्यो बगितला. मग मला.”

विरुपाक्षच्या हातात पाना तसाच राहिला.

“मला वाटलं, शाकपामुळं…” तो म्हणाला.

“शाकप काय करतंय वो मला?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “लोकांच्या बैलगाडीतनं पडल्यात बायका. मी काय पडल्याला राग धरते व्हय आठ वरसं?”

आठ वर्षं त्यानं दांड्या घासल्या, आटे पाडले, कुत्र्यांना जुलाब केले, बायकोचं तेल चोरलं. आणि दुखणं त्या नळकांड्यात कधी नव्हतंच. विरुपाक्षला लाज वाटली. खरी लाज, बाकावरच्या लोकांपुढची नव्हे.

तेवढ्यात मागून एसटी आली. हात न करताच थांबली. श्रीमंतनं दार उघडलं, वाकलेली कमलम्मा बघितली, गाडी बघितली, उकिडवा मिस्त्री बघितला, आणि त्याचं समाधान झालं.

“या वैनी, या! तुमची जागा तशीच ठिवलीया,” तो म्हणाला. “काय मिस्त्री, येवा मागनं. पुडं जाऊ नगासा, सरकारी गाडीला वाट माहीत हाय.”

सगळी एसटी हसली. कमलम्मानं दांडीला धरलं, पण पायरी उंच होती आणि कंबर उचलत नव्हती. विरुपाक्षनं पाना खाली टाकला. पुढे येऊन त्यानं तिला दंडाला धरून वर चढवलं, आणि तिच्या मागोमाग स्वतः चढला.

“अन्‌ गाडी?” श्रीमंतनं विचारलं.

“हाय तितं.”

“कुनी न्हेली म्हंजी?”

“न्हेऊ दे. बसंल त्याला कळंल.”

श्रीमंतनं घंटी मारली.

पुढचं सगळ्या पेठेनं बघितलं. मल्लप्पानं बैलगाडीत घालून गाडी आणून टाकली, शिवयोगीनं देशी शॉकअपचा कान घासला, बुश घातला, आणि विरुपाक्षनं स्वतःच्या हातानं ती जोडी बसवली. महिनाभर लोकांनी त्याला पार्ट जगवण्याबद्दल विचारून हैराण केलं, आणि त्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे सगळं लोकांना माहीत आहे. एसटीत काय झालं, ते मात्र शेजारच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू गेलं नाही.

दोघांना एक बाक मिळाला. कमलम्मा खिडकीशी, तो कडेला. एसटी सुटली तशी विरुपाक्षची मान आपोआप मागं वळायला लागली. त्यानं ती धरून ठेवली. रस्त्यात उभी असेल, एकटी, पाना तिथंच खाली पडलेला. मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

“बगा की,” कमलम्मा म्हणाली. “मी काय म्हनत न्हाय.”

तिचं वाक्य संपायच्या आत त्यानं मागं बघितलं. मागच्या काचेत नुसती धूळ होती. आठ वर्षं तो त्या धुळीच्या आत होता, बाहेरून ती कशी दिसते ते त्याला आज कळलं. त्यातून गाडी दिसणं शक्यच नव्हतं.

तो परत सरळ होऊन बसला. खड्डा आला, एसटी आपटली, कमलम्मानं पुढची दांडी घट्ट धरली. विरुपाक्षनं आपला हात मधे घातला, तिच्या पाठीच्या आणि बाकाच्या लाकडाच्या मधे, आणि तो तिथंच राहू दिला. कुंभारी आली. पार आला. पारावर माणसं बसली होती. पार मागं पडला.

“लागलं का गं तुला?” त्यानं विचारलं.

“आत्ता?”

“न्हाय. तवा.”

कमलम्मानं खिडकीकडं तोंड केलं. एसटी नाक्याला वळली.

“लागलं की,” ती म्हणाली. “लई लागलं हुतं.”